अडॅप्टिव्ह सिग्नलचं यश पुरस्काराच्या अर्जात कसं मांडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ड वर्ग महापालिकेच्या विद्युत विभागातले कनिष्ठ अभियंता लिहितात, की शहरातल्या २२ चौकांवर अडॅप्टिव्ह सिग्नल, म्हणजे वाहतूक बघून हिरव्या दिव्याची वेळ आपोआप बदलणारे सिग्नल, सुरू होऊन आठ महिने झाले. आयुक्तांनी पुरस्कारासाठी अर्ज तयार करायला सांगितलं आहे. कंपनीच्या अहवालात 'प्रवासाचा वेळ ३२ टक्क्यांनी घटला' असं आहे. हा आकडा अर्जात घालावा का, परीक्षक नेमकं काय बघतात, आणि याला खरोखर यश म्हणता येईल का?

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याचं उत्तर मिळालं की पहिल्या दोघांचं आपोआप मिळेल. किती कॅमेरे बसवले, किती किलोमीटर ऑप्टिकल फायबर टाकली, कंट्रोल रूममध्ये किती स्क्रीन आहेत, हा सगळा खर्चाचा हिशेब झाला. अशा यादीने अर्जाची पहिली दोन पानं भरलेली असली की परीक्षकाला तिसऱ्या पानापर्यंत कळत नाही, की शहरातल्या माणसाला काय मिळालं. यश म्हणजे फरक, आणि फरक नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. त्यामुळे ३२ टक्के हा आकडा घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी तो कशाच्या तुलनेत काढला आहे ते शोधा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. सिग्नल सुरू करण्याआधी कुणी नीट सर्वेक्षण केलं होतं का? तुमच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे चौकातल्या सिग्नल चालवणाऱ्या पेटीत, अडॅप्टिव्ह मोड बंद करून ठरावीक वेळेच्या प्लॅनवर जाता येतं का? (जवळजवळ सगळ्यांत येतं, पण कंपनीच्या माणसाची परवानगी लागते असं सांगितलं जातं. करार काढून बघा.) वाहतूक शाखा सहकार्य करेल का? आणि अर्जाची मुदत किती दिवसांवर आहे? यांची उत्तरं मला माहीत नाहीत, म्हणून दोन्ही वाटा सांगतो.

आधी कंपनीचा अहवाल. त्यातली 'आधी' आणि 'नंतर'ची तारीख बघा. आधीची मोजणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शाळा सुरू होऊन पाऊस लागल्यावर झाली असेल आणि नंतरची मे महिन्यात, तर अर्धाअधिक फरक शाळेच्या सुट्टीचा आहे. आधीच्या मोजणीच्या वेळी ड्रेनेजसाठी किंवा केबलसाठी खोदकाम चालू असेल, तर फरक खड्डा बुजल्याचा आहे. गणपती, नवरात्र, दिवाळीची सुट्टी, लग्नसराई या प्रत्येकाने आपल्याकडची वाहतूक हलते. आठ महिने झाले म्हणजे तुम्हाला अजून तोच महिना परत आलेला नाही, आणि हीच तुमच्या अर्जातली पहिली कच्ची बाजू आहे. शक्य असेल तर पुढच्या वर्षी अर्ज करा. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयाच्या 'अर्बन मोबिलिटी इंडिया' परिषदेत शहरांना वाहतुकीच्या कामासाठी दरवर्षी पुरस्कार देतात, त्यात उत्तम आयटीएस (इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट सिस्टिम) असलेल्या शहराचाही एक गट असतो. बारा महिन्यांची माहिती हातात असलेला अर्ज आठ महिन्यांच्या अर्जापेक्षा कितीतरी भक्कम होतो.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची संख्या, म्हणजे वेळ मोजण्यासाठी त्या रस्त्यावरून गाडी किती वेळा नेली ते. अशा अहवालांत बऱ्याचदा आधीच्या तीन फेऱ्या आणि नंतरच्या तीन फेऱ्या असतात. समजा तुमच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी सरासरी १४ मिनिटं लागतात आणि फेरीफेरीतला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, अडीच मिनिटांचं आहे. सरासरी ९५ टक्के खात्रीने ०.७ मिनिटांच्या आत पकडायची तर १.९६ गुणिले २.५ भागिले ०.७ म्हणजे ७, आणि त्याचा वर्ग ४९. एवढ्या फेऱ्या लागतात. 'आधी' आणि 'नंतर' अशा प्रत्येकी ४९ फेऱ्या केल्या, तरी दोन सरासऱ्यांमधल्या फरकात साधारण एका मिनिटाची अनिश्चितता उरतेच. तीन-तीन फेऱ्यांवर ती चार मिनिटांच्या घरात जाते, मग १४ मिनिटांच्या ३२ टक्के, म्हणजे साडेचार मिनिटं, वाचली म्हणण्यात फारसा जीव राहत नाही. शिवाय एकाच दिवसाच्या फेऱ्या एकमेकींसारख्या असतात, म्हणून पन्नास फेऱ्या दोन दिवसांत उरकण्यापेक्षा दहा दिवसांत पसरलेल्या बऱ्या.

आता मूळ मुद्दा, ज्यावर बहुतेक अर्ज अडखळतात. अडॅप्टिव्ह येण्याआधी तुमच्या जुन्या सिग्नलला शेवटचं टायमिंग कधी दिलं होतं? आपल्याकडे कित्येक चौकांवर बसवताना टाकलेले आकडे दहा-दहा वर्षं तसेच चालतात. सकाळी सहालाही तीच सायकल (सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा दिवा मिळून जाणारा पूर्ण फेरा) आणि संध्याकाळी सातलाही तीच. वेबस्टरचं १९५८चं सूत्र लावून बघा: सायकलची लांबी म्हणजे (१.५ गुणिले वाया जाणारा वेळ, अधिक ५) भागिले (१ वजा वाय). वाया जाणारा वेळ म्हणजे दिवे बदलताना फुकट जाणारी सेकंदं. वाय म्हणजे प्रत्येक फेजमधल्या (एका वेळी हिरवा मिळणाऱ्या बाजूंच्या गटातल्या) सगळ्यात भरलेल्या बाजूची वाहतूक आणि तिथल्या पूर्ण क्षमतेचा प्रवाह यांच्या गुणोत्तरांची बेरीज. चार फेजच्या चौकात वाया जाणारा वेळ १६ सेकंद आणि गर्दीला वाय ०.७५ धरला, तर सायकल ११६ सेकंदांची निघते. दुपारी वाय ०.६ वर आला की तीच ७२-७३ सेकंदांवर येते. असा चौक दिवसभर १८० सेकंदांच्या सायकलवर चालत असेल, तर कॅमेरा न लावता, एक रुपयाचं सामान न घेता, नुसते सकाळ-दुपार-संध्याकाळचे तीन प्लॅन टाकूनही वाट बघण्याचा वेळ भरपूर कमी होतो. मग तुमच्या ३२ टक्क्यांपैकी किती टक्के नव्या यंत्रणेचे आणि किती टक्के नुसते टायमिंग सुधारल्याचे?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्यांनी तो प्रामाणिकपणे हाताळला होता. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात 'स्कूट' ही अडॅप्टिव्ह पद्धत तयार झाली आणि ग्लासगो, कॉव्हेंट्री अशा शहरांत तिच्या चाचण्या झाल्या. तुलना मुद्दाम ताज्या, नीट बसवलेल्या ठरावीक प्लॅनशी केली गेली. त्या तुलनेत चौकावरचा विलंब सरासरी सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं जातं. शिवाय ठरावीक प्लॅन न बदलता ठेवला तर त्याचा फायदा दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी झिजतो, हेही त्याच काळात मांडलं गेलं. आकडा १२चा, पण तो चाळीस वर्षांनंतरही टिकून आहे, कारण प्रतिस्पर्धी तगडा निवडला होता. परीक्षकांच्या मंडळात वाहतूक अभियंता असेल, तर ३२ टक्के वाचून त्याचा पहिला प्रश्न हाच असेल, की आधीचा प्लॅन कोणत्या सालचा होता.

तुमच्याकडे 'आधी'ची मोजणी नसेल किंवा विश्वास ठेवण्यासारखी नसेल, तरी दार बंद झालेलं नाही. सिग्नल चालू-बंद करून बघता येतो, हा रस्तारुंदीकरण किंवा उड्डाणपुलाच्या तुलनेत आपल्या कामाचा फार मोठा फायदा आहे, आणि तो फारच थोडी शहरं वापरतात. जगात सगळ्यात जास्त मान मिळालेल्या वाहतूक प्रयोगांपैकी एक याच तत्त्वावर उभा आहे. स्टॉकहोममध्ये ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या गाड्यांवर प्रायोगिक शुल्क लावलं. हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. मग शुल्क ठरल्याप्रमाणे थांबवलं आणि वाहतूक पुन्हा वाढली. सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं, ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचं लागू झालं. बंद केल्यावर काय होतं हे लोकांनी स्वतः पाहिलं, त्यामुळे फरक कशामुळे पडला यावर वाद घालायला जागाच फारशी उरली नाही.

तुमच्याकडे हे असं करा. २२ पैकी सलग ५ ते ७ चौकांचा एक रस्ता निवडा. आधी त्या चौकांवर दिशावार वाहनमोजणी करून ताजे ठरावीक प्लॅन बनवा: सकाळची गर्दी, दुपार, संध्याकाळची गर्दी आणि रात्र. आयआरसी:९३, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची सिग्नलबद्दलची मार्गदर्शिका, आणि इंडो-एचसीएम, म्हणजे रस्त्यांच्या क्षमतेबद्दलची २०१७ची भारतीय नियमपुस्तिका, यांचा आधार घ्या. मिश्र वाहतुकीचे आकडे परदेशी पुस्तकातून उचलू नका. मग दोन आठवडे अडॅप्टिव्ह, दोन आठवडे ठरावीक प्लॅन, पुन्हा दोन आणि पुन्हा दोन, असे आठ आठवडे चालवा. बदल रविवारी रात्री करा आणि पहिला सोमवार-मंगळवार मोजणीत धरू नका, यंत्रणा आणि चालक दोघांनाही बसायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात बुधवार-गुरुवार, दुसऱ्यात मंगळवार ते गुरुवार, असे प्रत्येक टप्प्यात पाच दिवस मिळतात. रस्ता पंधरा मिनिटांचा असेल तर एका गाडीच्या दोन तासांत एका दिशेच्या चार फेऱ्या होतात. दोन गाड्या लावल्या तर दिवसाला आठ, पाच दिवसांत चाळीस, आणि दोन्ही टप्पे मिळून प्रत्येक पद्धतीच्या ऐंशी फेऱ्या. मोबाइलवरचं सेकंदासेकंदाला नोंद करणारं जीपीएस ॲप पुरतं. गाडी मोटार किंवा रिक्षा असू द्या. दुचाकी रांगेतून वाट काढून पुढे जाते, तिचा वेळ सिग्नलबद्दल कमी आणि चालकाबद्दल जास्त सांगतो.

जिथे नवी यंत्रणा नाही असा तशाच स्वरूपाचा दुसरा एक रस्ताही त्याच दिवशी मोजा. उदाहरणासाठी आकडे घेऊ: तुमच्या रस्त्यावर १४ मिनिटांची ११.९ मिनिटं झाली, म्हणजे १५ टक्के घट. पण काहीच न बदललेल्या रस्त्यावरही १६ची १५ झाली, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास घट. तेवढी शहराची वाहतूकच हलकी झाली होती. ०.८५ ला ०.९३७५ ने भागा, ०.९०७ येतं. यंत्रणेच्या खात्यावर ९ टक्के जमा करायचे, १५ नव्हे. हे ९ टक्के कुणीही उलटतपासणी केली तरी टिकतात. सरासरीबरोबर दर वीस फेऱ्यांतली सगळ्यात वाईट फेरी किती मिनिटांची, हेही द्या. रोज वेळेवर पोचायचं असलेल्या माणसाला सरासरीपेक्षा त्या वाईट दिवसाची जास्त धास्ती असते. अडॅप्टिव्ह सिग्नलचा खरा गुण बऱ्याचदा तिथेच दिसतो: सरासरी थोडीच सुधारते, पण वाईट दिवस पुष्कळ कमी वाईट होतात. तुमच्याकडे असं झालं असेल तर ते ठळकपणे मांडा.

आता ज्यांना कुणी मोजत नाही त्यांच्याकडे वळू. प्रवासाचा वेळ मुख्य रस्त्यावर मोजला जातो, पण मुख्य रस्त्याला दिलेली हिरव्या दिव्याची सेकंदं आडव्या रस्त्याकडून आणि पादचाऱ्यांकडून काढून घेतलेली असू शकतात. एका चौकाचा कल्पित हिशेब मांडतो. मुख्य रस्त्यावर तासाला १,८०० वाहनं, प्रत्येकाचे २० सेकंद वाचले. वाहनामागे सरासरी १.६ माणसं धरली तर २,८८० माणसांचे मिळून १६ तास वाचले. आडव्या रस्त्यावर ९०० वाहनं, प्रत्येकाला ३० सेकंद जास्त थांबावं लागलं. १,४४० माणसांचे १२ तास गेले. तासाला १,२०० पादचारी रस्ता ओलांडतात आणि त्यांना १५ सेकंद जास्त उभं राहावं लागलं, म्हणजे आणखी ५ तास. वाचले १६, गेले १७. अहवालात मात्र मुख्य रस्त्याचं यश झळकतं. मला अर्ज वाचताना ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त चीड येते ती ही, कारण पायी चालणाऱ्याने गमावलेला वेळ त्या कागदावर कुठेच उमटत नाही. आणि पादचारी एका मर्यादेपलीकडे थांबत नाही. लाल दिवा फार लांबला की तो मधूनच घुसतो आणि तुमची सुरक्षितताही जाते.

आडव्या रस्त्याचा विलंब मोजायला महाग साधन लागत नाही. चौकातल्या कॅमेऱ्याचं एक तासाचं चित्रण घ्या, दर १५ सेकंदांनी चित्र थांबवा आणि त्या बाजूला किती वाहनं उभी आहेत ते मोजा. तासाभराच्या २४० नोंदींची बेरीज २,४०० आली आणि त्या तासात त्या बाजूने ९०० वाहनं पुढे गेली, तर २,४०० गुणिले १५ भागिले ९००, म्हणजे वाहनामागे ४० सेकंद थांबा. चालू आणि बंद, दोन्ही टप्प्यांत हेच करा. सायकलच्या लांबीला नोंदीच्या अंतराने पूर्ण भाग जाणार नाही असं बघा, जात असेल तर नोंदीचं अंतर थोडं बदला. सायकल बरोबर १२० सेकंदांची असेल आणि नोंद दर १५ सेकंदांनी होत असेल, तर प्रत्येक वेळी सायकलचे तेच तेच क्षण टिपले जातात आणि उत्तर एका बाजूला झुकतं. पादचाऱ्यांसाठी एक माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा केला तरी काम होतं. बस जात असेल तर बसमधली माणसं वेगळी मोजा, चाळीस माणसांची एक बस १.६ माणसांच्या मोटारीच्या रांगेत एक म्हणून धरणं अन्यायाचं आहे.

यंत्रणा खरंच चालू असते का, हा पुढचा प्रश्न. 'अपटाइम ९९.५ टक्के' असं प्रत्येक मासिक अहवालात असतं. त्याची व्याख्या करारात वाचा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ कंट्रोलरला वीज आहे आणि दिवे लागतात एवढाच असतो. अडॅप्टिव्ह मोड चालू आहे, डिटेक्टर (वाहनं ओळखणारा कॅमेरा किंवा संवेदक) बरोबर वाचतोय, कंट्रोल रूमशी जोडणी आहे, हे त्यात येतंच असं नाही. डिटेक्टर गेला की यंत्रणा निमूटपणे राखीव ठरावीक प्लॅनवर जाते, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. कॅमेरा डिटेक्टर का जातात याची कारणं साधी आहेत: काचेवर धूळ आणि कोळ्याची जाळी, पावसाळ्यात वाढलेली फांदी, खांबाला गाडी लागून वळलेला कॅमेरा, संध्याकाळी समोरून पडणारा हेडलाइटचा झोत. रस्त्याखालचे लूप, म्हणजे वाहन ओळखणारी पुरलेली तारेची वेटोळी, डांबरीकरणाच्या आधी खरवडताना तुटतात, कारण बांधकाम विभागाला ते तिथे आहेत हेच कुणी कळवलेलं नसतं. फायबर दुसऱ्या कुणाच्या खोदकामात कापली जाते. यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत मान टाकतात.

शिवाय आपल्याकडे लूपला एक मुळातली अडचण आहे. दुचाक्या आणि रिक्षा लेन धरून उभ्या राहत नाहीत, त्या स्टॉप लाइनच्या पुढे आणि दोन गाड्यांच्या मध्ये भरतात. लेननिहाय विचार करणाऱ्या पद्धतीला रांग कळत नाही. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने 'कोसिकॉस्ट' ही पद्धत अशाच मिश्र वाहतुकीसाठी बनवली. तुमची यंत्रणा परदेशी असेल तर ती आपल्या रस्त्यासाठी कशी जुळवून घेतली, डिटेक्टर कुठे सरकवले, कमीत कमी हिरवा वेळ किती ठेवला, हे अर्जात जरूर लिहा. दुसऱ्या शहराला शिकण्यासारखं खरं काम तेच असतं.

म्हणून लॉगमधून तीन आकडे काढा: गर्दीच्या तासांपैकी किती टक्के वेळ प्रत्येक चौक अडॅप्टिव्ह मोडवर होता, किती टक्के डिटेक्टर चालू होते, आणि किती वेळ सिग्नल मॅन्युअल होता. तिसरा आकडा बघून घाबरू नका. गर्दीच्या वेळी हवालदार पेटी उघडून सिग्नल हाताने चालवतात, हे देशभरात होतं. कारण अनेकदा योग्य असतं: पुढचा चौक तुंबलाय हे त्यांना डोळ्यांनी दिसतं, यंत्रणेला दिसत नाही. मॅन्युअलचे तास चौकवार मांडा. ज्या चौकावर ते महिन्यागणिक घटत गेले, तिथे जमिनीवरच्या पोलिसाचा यंत्रणेवर विश्वास बसला आहे, आणि माझ्या मते याहून चांगला पुरावा नाही. ज्या चौकावर घटले नाहीत, तिथे पुढच्या चौकाच्या रांगेवर डिटेक्टर आहे का ते तपासा, बहुधा नसतो.

अपघात आणि ई-चलनाबद्दल थोडक्यात, कारण अर्जात ते घालण्याचा मोह होतो. चलनांची संख्या हे यश मानू नका. दर हजार वाहनांमागे किती जणांनी लाल दिवा मोडला, हे प्रमाण घटलं तर यश. कॅमेऱ्याने पकडलेल्या नोंदींपैकी तपासणीत किती बाद झाल्या तेही द्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७अ या नियमानुसार उपकरणाचं मान्यता प्रमाणपत्र लागतं, चालकांना कॅमेऱ्याची सूचना देणारे फलक लागतात आणि गुन्हा घडल्यापासून ठरलेल्या मुदतीत (२०२१च्या मूळ नियमात १५ दिवस) नोटीस पाठवावी लागते. हे पाळल्याची नोंद जोडली तर अर्जाचं वजन वाढतं.

अपघाती मृत्यूंच्या आकड्यांना फार जपून हात लावा. तुमच्या रस्त्यावर आधीच्या वर्षी ९ मृत्यू आणि नंतरच्या वर्षी ५ झाले, तर '४४ टक्के घट' असं लिहावंसं वाटतं. पण धोका मुळीच बदलला नसता, तरी या १४ मृत्यूंपैकी ५ किंवा त्याहून कमी दुसऱ्या वर्षात पडण्याची शक्यता पाचात एक आहे. त्यात आणखी एक खाच आहे. रस्ते निवडतानाच आपण सगळ्यात वाईट वर्ष गेलेले रस्ते निवडतो. वर्गात एका चाचणीत सगळ्यात कमी गुण पडलेली मुलं बाजूला काढली, तर पुढच्या चाचणीत काहीही न शिकवता त्यांची सरासरी थोडी वर येतेच, तसं हे आहे. त्यामुळे आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं धरल्याशिवाय मृत्यूंबद्दल दावा करू नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून राबवलेल्या शून्य मृत्यू मोहिमेचं नाव झालं ते याच कारणाने. २०१६ साली तिथे १५१ मृत्यू होते, म्हणजे मुळातली संख्या मोठी होती, आणि पुढे अनेक वर्षं आकडे जाहीरपणे मांडले जात राहिले. काम एकट्या कॅमेऱ्यांचंही नव्हतं: कठडे, फलक, बेकायदा थांबणाऱ्या ट्रकवर कारवाई, अपघातानंतर वेळेत मदत, सगळं एकत्र होतं. २०२० हे वर्ष मात्र कुणीही 'नंतर' म्हणून वापरू नये, टाळेबंदीत वाहतूकच नव्हती.

मग आठ महिन्यांवर तुम्ही काय म्हणू शकता? अपघातांबद्दल 'आकडे जमवत आहोत, तीन वर्षांनी सांगू' असं लिहा. परीक्षक याचे गुण कापत नाहीत, उलट बाकीच्या आकड्यांवरचा त्यांचा विश्वास वाढतो.

मुदत अगदी जवळ असेल आणि आठ आठवडे हाती नसतील, तर एकाच रस्त्यावर एक आठवडा अडॅप्टिव्ह आणि एक आठवडा ताजा ठरावीक प्लॅन एवढंच करा. दावा लहान ठेवा आणि अनिश्चितता सोबत लिहा. तेही जमत नसेल तर कंपनीचा अहवाल परिशिष्टात लावा, 'हा आकडा पुरवठादाराने काढलेला आहे, आम्ही स्वतंत्र मोजणी केलेली नाही' असं स्पष्ट लिहा आणि ३२ टक्के शीर्षकात घालू नका. स्वतः विकणाऱ्यानेच मोजलेला आकडा महापालिकेच्या सहीखाली गेला, की उद्या माहिती अधिकारात त्याचे कच्चे तक्ते कुणी मागितले तर उत्तर तुम्हाला द्यायचं आहे.

अर्जाची रचना मी अशी ठेवेन. पहिल्या परिच्छेदात अडचण: कोणता रस्ता, किती माणसं, काय त्रास. दुसऱ्यात तुम्ही काय बदललं, उपकरणांचा उल्लेख दोन-तीन ओळींत. तिसरा सगळ्यात मोठा, मोजणी कशी केली आणि काय निघालं, मुख्य रस्ता, आडवा रस्ता आणि पादचारी तिघांचं. चौथ्यात जे जमलं नाही ते. २२ पैकी चार-पाच चौकांवर फरक पडला नसेल किंवा उलटा पडला असेल, तर त्यांची नावं आणि कारणं द्या: उजवीकडे वळणाऱ्यांसाठी जागा नाही, चौकाच्या तोंडाशी रिक्षाथांबा आहे, डाव्या बाजूला हातगाड्या लागतात, जे असेल ते. वाहनं चौकाच्या क्षमतेपेक्षा जास्त झाली की कोणतंही टायमिंग रांग संपवू शकत नाही, हे जाणकार परीक्षकाला माहीत असतं. पाचव्यात हे टिकणार कसं: देखभालीचा करार किती वर्षांचा, तो संपल्यावर अंदाजपत्रकात तरतूद कुठल्या लेखाशीर्षाखाली आहे, माहितीची मालकी कुणाची, आणि कंट्रोल रूममधलं टायमिंग बदलू शकणारं माणूस महापालिकेचं आहे की कंपनीचं. पाच वर्षांचा करार संपला की अंधार होणाऱ्या कंट्रोल रूम्सची भीती परीक्षकांना असते, आणि ती रास्त आहे.

श्रेय देताना नावं खालच्या टोकापासून सुरू करा. शिडी लावून काच पुसणारा तंत्रज्ञ, चौकात आठ तास उभा राहून कुठे गणित चुकतंय ते सांगणारा हवालदार, मोजणीचे तक्ते भरणारे विद्यार्थी, रात्री प्लॅन बदलणारा ऑपरेटर. सिग्नलची यंत्रणा ही उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण होणारी वस्तू नव्हे, ती रोज सांभाळावी लागते, आणि सांभाळणाऱ्यांचा उल्लेख बहुतेक अर्जांत नसतो.

नमुन्यादाखल दाव्याचा परिच्छेद असा होऊ शकतो, आकडे तुमचे घाला: 'सहा चौकांच्या या रस्त्यावर अडॅप्टिव्ह पद्धतीची तुलना आम्ही ताज्या ठरावीक प्लॅनशी आठ आठवडे आलटून-पालटून केली. संध्याकाळच्या गर्दीत प्रवासाचा वेळ ९ टक्क्यांनी घटला, अनिश्चितता अधिक-उणे ५ टक्के. आडव्या रस्त्यांवरचा थांबा चार चौकांवर तेवढाच राहिला, दोन चौकांवर वाढला. त्या दोन ठिकाणी पादचाऱ्यांसाठी कमाल सायकल १२० सेकंदांवर आणून पुन्हा मोजणी सुरू आहे.'

हा परिच्छेद आयुक्तांकडे नेण्याआधी वाहतूक शाखेच्या निरीक्षकांना वाचायला द्या. त्यांना पटला तर अर्जावर त्यांचीही सही घ्या आणि परिशिष्टात फेऱ्यांचे कच्चे तक्ते, कंट्रोलरचे लॉग आणि सुट्ट्या, पाऊस, खोदकाम यांची दिवसवार नोंद जोडा.